चांदपाशांचा अंगठा आणि सात इंद्रजीत

सुरेखाबाईंना माणूस बघताक्षणी ओळखता येतो, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे. औरंगपुऱ्याच्या बोळात बारा वर्षं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवलं की असं मत आपोआप होतं. पायरीवर पाय पडला की त्या सांगतात, हा भरतीचा फॉर्म भरायला आलाय, ही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, आणि हे रेशनकार्डात सून चढवायला. म्हणून चांदपाशांची गोष्ट सांगायची वेळ आली की त्या आधी पदर तोंडाला लावून पोटभर हसून घेतात, आणि मग कबूल करतात की या माणसाला त्यांनी पहिल्या दिवशी पेन्शनवाला समजून खुर्चीत बसवलं आणि काही कळायच्या आत त्याचा अंगठा मशीनवर दाबला.

आता त्यात त्यांचा दोष तरी किती? नोव्हेंबर महिना होता. नोव्हेंबरात औरंगपुऱ्यात साठीच्या पुढचा जो माणूस पायरी चढतो, तो आपण जिवंत असल्याचा दाखला काढायलाच येतो. चांदपाशांचं वय त्रेसष्ट. अंगात भुरका स्वेटर, खिशाला दोन पेनं, हातात कापडी पिशवी, पिशवीत कागदांचं पाकीट. आणखी काय पुरावा पाहिजे? सुरेखाबाई म्हणाल्या, "या चाचा, बसा. काळजी करू नका, दोन मिनिटांत जिवंत करते तुम्हाला."

चांदपाशांनी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा सुरेखाबाईच बोलत होत्या. पाकिटातून आधार काढून घेतलं, भिंतीकडच्या छोट्या कम्प्युटरवर पेन्शनचा नंबर टाकला, अंगठा धरून काचेवर दाबला, आणि तेवढ्यात फोन वाजला म्हणून तिकडं वळता वळता म्हणाल्या, "झालं. आता वर्षभर तुम्हाला कुणी मेलेलं म्हणू शकत नाय."

चांदपाशांनी भिंतीकडच्या त्या कम्प्युटरच्या पडद्याकडं एकदा बघितलं, मग बाईंकडं बघितलं, आणि त्या फोन खाली ठेवेपर्यंत शांत बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, मी तुमचा कम्प्युटर बघायला आलोय. तुमच्या भाच्यासोबत काम करतो, त्या उजैरचा अब्बा."

सुरेखाबाई त्या दिवशी सकाळपासून कम्प्युटरवाल्याची वाट बघत होत्या हे खरं. पण त्यांच्या डोक्यात पाठीला सॅक लावलेला, कानात वायर घातलेला पोरगा होता. स्वेटरवाला चाचा नव्हता.

वाट बघायचं कारण म्हणजे मोनिका. मोनिका नरोडे, गंगापूरकडची पोरगी, इथं खोली करून परीक्षेचा अभ्यास करते. त्या बुधवारी दहा वाजता ती दुकानात आली आणि काही न बोलता मोबाईल पुढं धरला. सुरेखाबाईंनी आदल्या दिवशी भरून दिलेला तिचा फॉर्म होता. नाव मोनिका काकासाहेब नरोडे, लिंग स्त्री, आणि फोटोत इंद्रजीत.

इंद्रजीत म्हणजे एक पैलवान गडी. मिशा पार कानाला टेकलेल्या. सोमवारी सकाळी स्वतःचा फॉर्म भरून गेला होता. मोनिकाचा आणि त्याचा काही संबंध नाही. सुरेखाबाईंनी घाईघाईत बाकीचे फॉर्म उघडले. सोमवारी दुपारपासून त्याच भरतीचे सात फॉर्म भरले होते, आणि सातही जागी इंद्रजीत. मिशा सगळ्यांना सारख्याच शोभत होत्या.

भरताना दिसलं कसं नाही, हे कुणीही विचारेल. सुरेखाबाई ते लपवत नाहीत. वेबसाइटवर फोटो नखाएवढा दिसतो, आणि त्या दोन दिवसांत त्या येईल त्याला नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगत होत्या. ती गोष्ट लांबलचक आहे आणि सांगताना हातवारे लागतात. शिवाय प्रिंटरची शाई इतकी फिक्की झाली होती की कागदावर कोण मोनिका आणि कोण इंद्रजीत, काय कळणार?

बाकी सहा जणांना निदान पुढच्या वर्षीही फॉर्म भरता आला असता. मोनिकाला नाही. वयात बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. आणि चुकीची दुरुस्ती करायची मुदत त्याच दिवशी, संध्याकाळी पाचपर्यंत. मोनिका रडली नाही, ओरडली नाही. बाकावर बसली आणि म्हणाली, "मावशी, मी इथंच बसते." ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सुरेखाबाईंना वाटून गेलं.

त्यांनी तिचा फोटो पुन्हा लहान करायला घेतला. सरकारी फॉर्मला फोटो अगदी हलका लागतो, मोबाईलमधला मोठा फोटो चालत नाही. त्यासाठी सुरेखाबाईंच्या भाच्यानं, सत्यमनं, पुण्याला नोकरीला जाण्याआधी त्यांना एक छोटं ॲप करून दिलं होतं. एक खिडकी आणि एक हिरवं बटण. फोटो निवडा, बटण दाबा, "झालं" असं येतं, आणि 'तयार' नावाच्या फोल्डरमधला लहान फोटो उचलून फॉर्मला लावा. सुरेखाबाईंनी मोनिकाचा फोटो निवडला, बटण दाबलं. "झालं" आलं. फोल्डर उघडलं तर आत इंद्रजीत.

कम्प्युटर बंद करून चालू केला. इंद्रजीत. वायरी काढून घातल्या. इंद्रजीत. मग त्यांनी पडदा ओल्या फडक्यानं पुसला. ही गोष्ट त्या आता स्वतःच सांगतात, म्हणून इथं सांगायला हरकत नाही.

दोन दुकानं सोडून दुसरं ऑनलाइन सेंटर आहे, तिथं जाता आलं असतं. पण तिथला माणूस गेली सहा वर्षं सुरेखाबाईंच्या एका चुकीची वाट बघतोय, आणि इथं एकदम सात होत्या. त्यांनी सत्यमला फोन लावला. सत्यम मीटिंगमध्ये होता. कुजबुजत म्हणाला की माझ्या कम्प्युटरवर तर ते बरोबर चालतंय. सुरेखाबाई म्हणाल्या, मग तुझा कम्प्युटर पाठव. शेवटी त्यानं सोबत काम करणाऱ्या उजैरला विचारलं. उजैर म्हणाला, माझे अब्बा तिथंच राहतात, त्यांना पाठवतो. असे चांदपाशा आले, आणि आल्या आल्या त्यांचा अंगठा दाबला गेला.

चांदपाशा फॉर्म भरायच्या मोठ्या कम्प्युटरपुढं बसले. सुरेखाबाईंनी दारात आडवी खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगायला सुरुवात केली. चांदपाशा म्हणाले, आधी जसं करता तसं करून दाखवा. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक काळी चौकट डोळा लवतो तशी लवली आणि गेली. मग "झालं".

"ही काळी चौकट रोज येते?" चांदपाशांनी विचारलं.

सुरेखाबाई म्हणाल्या की येते सोमवारपासून, आधीही येत असेल, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. कम्प्युटर थकल्यावर असं होत असेल असं त्यांना वाटलं होतं.

चांदपाशा पहिल्यांदा हसले. त्यांचं अर्धं आयुष्य त्या काळ्या पडद्यापुढं गेलं होतं. वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये एकतीस वर्षं नोकरी. चौऱ्याण्णव साली कंपनीनं स्टोअरला पहिला कम्प्युटर आणला तेव्हा त्याला माऊस नव्हता, चित्रं नव्हती, नुसता काळा पडदा. हुकूम टाइप करायचा, तो पाळायचा. स्टोअरमधले सगळे त्याच्यापासून चार हात लांब. साहेबानं अकरा हुकूम लिहिलेला कागद चांदपाशांच्या हातात दिला. त्यांनी तो लॅमिनेट करून घेतला, आणि तो अजून त्यांच्या पाकिटात आहे, बेगम कमरुन्निसाच्या फोटोच्या पुढं. कमरुन्निसाबींची तक्रार आहे की हा माणूस घरात माझ्याशी बोलतो त्याच्यापेक्षा काळ्या पडद्याशी जास्त बोलतो, आणि त्याचं उत्तर मात्र लक्ष देऊन वाचतो. निवृत्त झाल्यावर उजैरनं जुना लॅपटॉप दिला, तर यांनी त्याच्यावर कॉलनीत नळाला पाणी कोणत्या दिवशी आलं आणि पुढं कधी येईल याचा हिशेब लावणारा प्रोग्राम लिहिला. तो प्रोग्राम चुकत नाही. चुकतं ते पाणी.

दोन बोटांनी टाइप करत चांदपाशांनी काळा पडदा स्वतः उघडला. सत्यमच्या ॲपचा कागद, म्हणजे ज्यात ते बटण कसं चालावं ते लिहिलेलं असतं, तो उघडून त्यातली एक ओळ बोट ठेवून वाचली. मग त्यांनी सुरेखाबाईंना समजावलं, आणि सुरेखाबाई चक्क गप्प बसून ऐकत होत्या. मोनिका साक्षीदार आहे.

गोष्ट अशी होती की सत्यमचं ॲप फोटो स्वतः लहान करत नव्हतंच. ते काम करणारा एक प्रोग्राम वेगळा असतो, त्याला खिडकी नाही, बटण नाही, फक्त काळ्या पडद्यावरचा हुकूम कळतो. हिरवं बटण दाबलं की ॲप गुपचूप हुकूम लिहायचं, फोटोचं नाव त्याला जोडायचं आणि काळ्या पडद्याला द्यायचं. ती लवणारी चौकट म्हणजे तो पडदा. तो काय उत्तर देतो ते वाचायच्या आत बंद व्हायचा.

चांदपाशांनी तोच हुकूम हातानं दिला. आता पडदा बंद झाला नाही. इंग्रजीत तीन ओळी आल्या. मोनिका नावाची फाइल सापडत नाही. काकासाहेब नावाची फाइल सापडत नाही. नरोडे नावाची फाइल सापडत नाही.

"स्टोअरच्या खिडकीत चिठ्ठी दिली, नट बोल्ट वॉशर, तर देणारा तीन वस्तू काढायला जातो," चांदपाशा म्हणाले. "त्याला काय माहीत तुमच्या मनात एकच पुडकं आहे? हा पडदा मधली मोकळी जागा दिसली की तिथं तोडतो. सोमवारच्या आधी फोटोला नावं काय द्यायच्या तुम्ही?"

आधी नंबर असायचे. एक, दोन, सात. इंद्रजीतचा सात. पण सोमवारी दुपारी दगडाबाई रेशनच्या कामाला आल्या, आणि सुरेखाबाईंनी हाक मारली, चौदा नंबर. दगडाबाई हलल्या नाहीत. पुन्हा हाक मारली तर म्हणाल्या, मी दगडाबाई, चौदा कोण? सुरेखाबाईंना ते इतकं लागलं की त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं, यापुढं आपल्या दुकानात माणसाला नंबर नाही. प्रत्येक फोटोला पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, मधे नीट जागा सोडून.

सत्यमनं ॲप तपासलं तेव्हा फोटोचं नाव नुसतं सत्यम ठेवलं होतं. मधे जागा नाही, म्हणून सगळं बरोबर चाललं. म्हणजे सुरेखाबाईंनी लोकांना इज्जत द्यायला लागल्यापासून ॲप बिघडलं होतं, आणि हे कळल्यावर हसावं की रडावं ते त्यांना कळेना. त्यांनी हसून घेतलं. मग विचारलं की फोटो झालाच नाही तर "झालं" कोण म्हणत होतं?

ते सत्यमचं ॲप. हुकूम दिला की काम झालं का नाही हे न बघता लगेच "झालं". आणि 'तयार' फोल्डरमध्ये शेवटचा खरोखर तयार झालेला फोटो तसाच पडलेला. सोमवारचा. सात नंबरचा.

"पोरगं अगदी आईवर गेलंय," सुरेखाबाई म्हणाल्या. "माझी बहीणपण कुकरची शिट्टी व्हायच्या आधी पानं घेते."

त्यांनी सुचवलं की मग नावातली मोकळी जागा काढून टाकू, काम भागेल. चांदपाशा नक्को म्हणाले. अवतरणचिन्हात बांधून द्यायची एक सोपी रीतही आहे, तीही त्यांनी नाकारली. फोटोचं नाव गिऱ्हाइकाच्या मोबाईलमधूनही येतं, आणि बाहेरून आलेलं काही सरळ काळ्या पडद्याच्या हातात द्यायचं नाही. तो चांगलं वाईट बघत नाही. नावात कुणी पुसून टाकायचा हुकूम लिहिला, तर तो पुसून टाकतो. म्हणून त्यांनी ती ओळच बदलली. आता ॲप मधल्या त्या काळ्या पडद्याकडं जातच नाही. फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रामला स्वतःच हाक मारतं, हुकूम वेगळा आणि नाव वेगळं हातात देतं, नावात कितीही जागा असो, ते एकच पुडकं. मग जुना फोटो आधी काढून टाकायचा हे घातलं. आणि शेवटी, प्रोग्राम काम संपवून जो आकडा परत देतो, तो तपासायचं. शून्य आला म्हणजे नीट झालं, दुसरं काही आलं म्हणजे गडबड. शून्य आल्याशिवाय "झालं" म्हणायचं नाही.

बटण दाबलं. दोन सेकंद काहीच नाही. मग "झालं". फोल्डरमध्ये मोनिका होती. बाकावरून उठून येऊन तिनं स्वतः बघितलं आणि पुन्हा जाऊन बसली.

दुरुस्तीसाठी ज्याचा त्याचा ओटीपी लागतो. सहा जणांना फोन लावून चार वाजेपर्यंत सहा इंद्रजीत उतरवले. राहिली मोनिका, जी सकाळपासून समोर बसली होती. तिच्या फॉर्मला नंबर वडिलांचा दिलेला. काकासाहेब गंगापूरकडं उसात, आणि उसात रेंज नाही. साडेचार झाले. पावणेपाच झाले. सुरेखाबाई नणंदेचा गुडघा विसरल्या.

पाचला दहा कमी असताना काकासाहेबांचा फोन लागला. मोनिकानं ओटीपी मागितला. काकासाहेब म्हणाले की बँकेच्या माणसानं गावात येऊन सांगितलंय, ओटीपी कुणाला सांगायचा नाय, लेकीचा आवाज काढून सुद्धा मागतात. मोनिका म्हणाली, मीच आहे. काकासाहेबांनी विचारलं, "मोनिका असशील तर सांग, आपल्या कुत्र्याचा कोणता पाय अधू आहे?"

"मागचा उजवा," मोनिका म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज कापला. "आणि तो ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा दवाखान्यात मीच नेला होता, दादा. नंबर सांगा."

काकासाहेबांनी सहा आकडे सांगितले, मधे मधे थांबून, जसे काही तेही एकेक पुडकं होते. पाचला चार मिनिटं असताना मोनिकाच्या फॉर्मवर मोनिका आली. सुरेखाबाईंनी तो फोटो मोठा करून, डोळ्यांना चष्मा लावून, नीट बघितला. मोनिकानं दोघांनाही वाकून नमस्कार केला. चांदपाशा अवघडून उभे राहिले आणि खिशातलं पेन उगीच या खिशातून त्या खिशात घातलं.

ती गेल्यावर सुरेखाबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला की त्यांना वाद सुचतो. त्या म्हणाल्या की सगळं छान केलं, पण ते "झालं" आता दोन सेकंद उशिरा येतं. आधी कसं, बटण दाबलं की झालं. गिऱ्हाइकाला बरं वाटायचं. दोन सेकंद माणूस पडद्याकडं बघत बसतो, त्याला शंका येते. ते पहिल्यासारखं लगेच येऊ द्या, आतलं काम पाठीमागं चालू राहू द्या.

चांदपाशा म्हणाले, नाही.

सुरेखाबाईंनी समजावून सांगितलं. चांदपाशांनी शांतपणे सांगितलं की शहाण्णव साली त्यांनी स्टोअरची महिन्याची सगळी यादी फ्लॉपीवर घेतली, पडद्यानं काय म्हटलं ते न वाचता साहेबांना सांगितलं, झालं. फ्लॉपी रिकामी होती. एक महिना रोज शिफ्टच्या बसनं जाऊन त्यांनी तो माल पुन्हा हातानं मोजला, नट न नट. तेव्हापासून त्यांच्या तोंडून हा शब्द काम बघितल्याशिवाय निघत नाही.

सुरेखाबाईंना वाईट वाटलं, पण वाद सोडायचा म्हणजे काय? त्या म्हणाल्या की फ्लॉपी वेगळी आणि दुकान वेगळं. आणि सत्यम पोरगं आहे, त्याच्याकडून राहिलं. "मी काय सत्यम आहे का, न बघता झालं म्हणायला? बारा वर्षं झाली, चाचा. एक माणूस दाखवा, ज्याला मी झालं म्हटलं आणि त्याचं झालं नाय."

चांदपाशा निघाले. कापडी पिशवी उचलली, आणि जाता जाता भिंतीकडच्या दुसऱ्या कम्प्युटरचा पडदा सुरेखाबाईंच्या बाजूला वळवला. दारात खुर्ची आडवी असल्यामुळं त्याला दिवसभर कुणी हात लावला नव्हता. पेन्शनची खिडकी सकाळची तशीच उघडी होती. वर चांदपाशांचं पूर्ण नाव, खाली लाल अक्षरात, अंगठा जुळला नाही, पुन्हा प्रयत्न करा.

सुरेखाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग त्यांना आठवलं की सकाळी हा माणूस तीनदा तोंड उघडून तीनदा मिटला होता, आणि पडद्याकडं बघून मग शांत बसला होता.

"सकाळपासून माहीत होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हौ. तुमच्या हिशेबानं मी साडेअकरापासून जिवंत आहे," चांदपाशा म्हणाले. "सरकारचं अजून ठरायचंय."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, खुर्ची ओढली, स्वेटरला अंगठा पुसला आणि पुढं केला. एकतीस वर्षं नट-बोल्ट मोजून त्याच्या रेषा गेलेल्या होत्या. सुरेखाबाईंनी पदरानं काच पुसली, अंगठा धरून हळू दाबला, आणि तोंड गच्च मिटून पडद्याकडं बघत राहिल्या. फोन वाजला. त्यांनी बघितलंही नाही. एक सेकंद गेला, दोन गेले, तीन गेले, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरात दाखल्याचा नंबर आला.

चांदपाशांनी तो खिशातलं पेन काढून हातावर लिहून घेतला, पडद्यावरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघितला, आणि मग मान हलवली.

"आता म्हणा, बाई."